पडद्यावरील भिंग

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंगपूर येथे, भीमा व नीरा या नद्यांचा संगम आहे. संगणकावर जिल्ह्याचा नकाशा उघडला, तर हा संगम मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो. बारामतीच्या एखाद्या शाळेत तोच नकाशा भिंतीवर मोठा करून दाखविला, तरी शेवटच्या बाकावरून दोन निळ्या रेषा कोठे मिळतात ते उमगत नाही. ज्या मुलाची दृष्टी मंद आहे, त्याला तर पहिल्या बाकावरूनही ते दिसत नाही. ‘दिसले का?’ असे गुरुजींनी विचारले, की तो बहुधा ‘हो’ म्हणतो; चारचौघांत ‘नाही’ म्हणणे त्याला अवघड वाटते.

अशा वेळी संगणकातील भिंग उपयोगी पडते. विंडोज प्रणालीत ‘मॅग्निफायर’ नावाचे असे साधन १९९८ सालच्या आवृत्तीपासून आहे. आता विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून अधिक चिन्हाची कळ दाबली, की ते सुरू होते.

या भिंगात काच नसते. संगणकाचा पडदा असंख्य बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतील, तर त्यांची संख्या वीस लाखांहून अधिक भरते. चित्र दुप्पट केले, म्हणजे एका ठिपक्याची जागा चार ठिपके घेतात. साहजिकच पडद्यावर चित्राचा चौथा हिस्साच मावतो. चौपट केल्यास सोळावा. संगम स्पष्ट होतो खरा, पण बारामती पडद्याबाहेर जाते! म्हणून संपूर्ण नकाशा आधी दाखवावा आणि भिंग मागाहून लावावे. शिवाय, मूळ चित्रात जे नाही ते भिंगातून दिसत नाही. एखाद्या खेड्याचे नाव नकाशात छापलेलेच नसेल, तर कितीही मोठे केले तरी ते उमटणार नाही. उलट अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतील.

मार्क रसिनोविच या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने तयार केलेल्या ‘झूमइट’ या साधनात भिंगाच्या जोडीला लेखणीही आहे. कंट्रोल व १ या कळा दाबल्या, की चित्र मोठे होते. कंट्रोल व २ दाबल्या, की माऊसने पडद्यावर रेघा ओढता येतात. बारामती व इंदापूर तालुक्यांना पाणी देणारा नीरा डावा कालवा तांबड्या रेघेने दाखविला, तर तो नदीहून निराळा आहे हे तत्काळ ध्यानात येते. मात्र तांबडा व हिरवा हे रंग काही मुलांना वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी रेघेशेजारी बाण काढावा आणि नावही मोठ्याने उच्चारावे.

पुस्तकावर पेन्सिलीने केलेली खूण मागे उरते, येथे तसे होत नाही. लेखणी हाती घेताच पडद्याची एक स्थिर प्रतिमा तयार होते व रेघा तिच्यावर उमटतात. एस्केपची कळ दाबताच त्या नाहीशा होतात आणि मूळ नकाशा जसाच्या तसा राहतो. आखलेला कालवा दुसऱ्या दिवशीच्या पाठासाठी हवा असल्यास, एस्केपपूर्वी कंट्रोल व एस या कळा दाबून ते चित्र जतन करावे लागते.