पाच ताऱ्यांचा वकील

परवा शिवारफेरीत एका केळी बागायतदाराने मोबाईल पुढे धरला. "साहेब, या वकिलाला पाच तारे आहेत. भूसंपादनाचा मोबदला वाढवून देतो, त्यातले पंधरा टक्के मागतो. देऊ का केस?"

मी विचारले, "दादा, बियाणे नुसती जाहिरात पाहून घेता, की पिशवीवरचे लेबल वाचून?"

तारे पैसे मोजूनही मिळतात. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून पक्षकार मिळवता येत नाही. २००८ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढेच देता येते. वकिलांना आधाराशिवाय तारे देणाऱ्या संकेतस्थळांवर मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कडक ताशेरे ओढले. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणेही वकिलाला मना आहे.

म्हणून सनद क्रमांक विचारा, फीची पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. जळगाव व धुळे येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळकतीची अट न लावता तेथून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

जमीन एकदाच जाते. तिचा मोबदला तरी पारखलेल्या माणसाच्या हाती सोपवा.