बालाजी ते बालाजी, दीड पोस्टकार्डावरून

वाशीमच्या बालाजीला हात जोडायचे आणि तिरुपतीच्या बालाजीकडे निघायचे, तेही आयुष्यात पहिल्यांदाच लांबच्या गाडीने! अमरावती-तिरुपती एक्स्प्रेस वाशीमला थांबते, हिंगोली-नांदेड मागे टाकते, बासरला गोदावरी ओलांडते, पुढे कृष्णा, मग तुंगभद्रा. एका खिडकीत तीन महानद्या! डोळे भरून बघा. पण थोडा वेळ खिडकीच्या खालीही बघू या, कारण खरी थक्क करणारी मौज तिथे आहे.

मुख्य मार्गांवरच्या आजच्या रुळाचे वजन मीटरला ६० किलो. हातभर तुकडा उचलायचा तरी घाम फुटेल. रूळ दोन, म्हणजे मीटरला १२० किलो, किलोमीटरला १२० टन! मुंबई-पुण्याइतका, १९२ किलोमीटरचा एकेरी मार्ग धरा. दोन कोटी तीस लाख किलो पोलाद! किलोला पन्नासच रुपये लावले तरी ११५ कोटी, आणि अजून खडीचा एक दगडही मोजलेला नाही. खालचे स्लीपर किलोमीटरला १,६६०, म्हणजे तेवढ्याच अंतरात तीन लाखांवर. गाडी ताशी शंभरने धावत असेल, तर तुम्ही तोंडाने 'एक' म्हणेपर्यंत ४६ स्लीपर मागे पडलेले असतात!

सकाळी बेसिनपाशी नळ वर दाबून तोंडावर पाणी मारता ना? एका डब्यात साधारण १,८०० लिटर पाणी. बावीस डबे धरले तर चाळीस हजार लिटर. आपल्याकडच्या सहा मीटर रुंद विहिरीत ते ओतले, तर जवळजवळ दीड मीटर पाणी चढेल. उन्हाळ्यात वाशीमच्या शेतकऱ्याला विचारा, दीड मीटर पाणी म्हणजे काय! एवढे पाणी घेऊन गाडी पळते आहे.

आणि चाके? डब्याला आठ, बावीस डब्यांना १७६. नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे. मुंबई-पुण्याएवढ्या अंतरात एकेक चाक ६६ हजारांवर फेऱ्या मारते. सगळ्यांच्या मिळून एक कोटी सतरा लाख! आता श्वास रोखा. चाक रुळाला टेकते ते जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. इंजिनाची बारा चाके धरून सगळी १८८. म्हणजे हजार टनांहून जड गाडी, हजारावर माणसे, ती विहीर, सगळ्यांचे डबे-पिशव्या, हा अख्खा डोलारा ज्या जागेवर टेकून ताशी शंभरने धावतो, ती सगळी जागा एकत्र केली तर भरते फक्त दीड पोस्टकार्ड!