जखमेवरचे पान

माझी थोरली बहीण, आमची आपा, अकोल्याला राहते. काही वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडून तिचा हात भाजला. मी अमरावतीहून सकाळच्या एसटीने निघायचो आणि नेमका पट्टी बदलायच्या वेळी दवाखान्यात पोचायचो. जखमेला चिकटलेला गॉज ओढला की तिची किंकाळी व्हरांड्यापर्यंत येई. त्या गॉजबरोबर नुकती धरू लागलेली कोवळी त्वचाही निघते, हे मला पुष्कळ नंतर कळले.

‘जखम उघडी ठेवा, सुकू द्या,’ असे आपल्याकडे सर्रास सांगतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून उलटे दाखवले. ओल राखून झाकलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने भरते. नव्या पेशी ओलीतून सरकतात. वर खपली धरली की त्यांना खालून वाट काढावी लागते. आजच्या महागड्या पट्ट्यांचे मूळ यातच आहे.

फार खोल भाजले तर नुसती पट्टी पुरत नाही. अमेरिकेत बर्क आणि यानस यांनी गुरांच्या कोलॅजेनची, वर सिलिकॉनचा पापुद्रा असलेली कृत्रिम त्वचा केली. तिच्या आधाराने शरीर आतला थर विणते. पण किंमत? आपल्या कापूसवाल्याने ती विचारूच नये!

दुसरी वाट त्वचापेढीची. मुंबईच्या शीव रुग्णालयात ती २००० साली सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांत मांड्या-पाठीवरचा पातळ पापुद्रा काढतात. ग्लिसरॉलमध्ये तो पाच वर्षांपर्यंत टिकतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. शरीर तो काही आठवड्यांत टाकून देते, पण तोवर जीव तगतो.

आपाला मात्र तिच्याच मांडीची कातडी लावली. गंमत बघा, श्रोतेहो, हातापेक्षा ती मांडीच जास्त ठणकायची. अशाच जागांसाठी शीवच्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेणचट पान जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, आणि ते स्वस्त आहे. बागेतून तोडून थेट लावायचे नाही, एवढे ध्यानात ठेवा.

आपाला हे सांगितले तर ती चिडलीच. “अकोटात केळीच्या एवढ्या बागा, अन् मले कोणी पान नाही लावलं!”