भाताच्या खोडातला चोर

भात निसवल्यावर खाचराच्या बांधावर उभे राहून नीट पाहा. पोपटी लोंब्यांमध्ये एखादी लोंबी पांढरीफटक आणि ताठ दिसेल. भरलेली लोंबी दाण्यांच्या भाराने वाकते. ही वाकत नाही, कारण तिच्यात दाणाच नसतो. हिला 'पळिंज' म्हणतात. ओढली तर ती अलगद हातात येते. तिचे बूड आतून कुरतडलेले असते. हे काम खोडकिड्याचे!

खोडकिड्याचा पतंग पिवळसर असतो. शास्त्रीय नाव सिर्पोफॅगा इन्सर्ट्युलास. मादीच्या पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ ५० ते ८० अंड्यांचा पुंजका घालते आणि अंगावरच्या केसांनी तो झाकते. साधारण आठवड्याने अळ्या बाहेर पडतात. रेशमी धाग्याला लोंबकळत त्या वाऱ्याबरोबर शेजारच्या रोपांवर जातात व खोड पोखरून आत शिरतात. बहुधा एका खोडात एकच अळी असते. पीक खाते ती ही अळी, पतंग नव्हे.

नुकसान किती होणार, हे पिकाच्या वयावर ठरते. फुटवे येण्याच्या काळात अळी शिरली, तर मधला पोंगा सुकतो. ही 'गाभेमर'. रोप नवे फुटवे काढून ही तूट बरीचशी भरून काढते. मात्र पीक पोटरीत असताना अळी शिरली, तर नव्या फुटव्यांना वेळच उरत नाही. त्या लोंबीची पळिंजच होते.

खोडात दडलेल्या अळीपर्यंत वरून फवारलेले औषध नीट पोहोचत नाही. म्हणून तिला आधीच गाठायला हवे. अंडी शेंड्याजवळ असतात ना? मग लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत. ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशी किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. मग त्यातून अळीऐवजी गांधीलमाशीच बाहेर येते! कापणीनंतर काही अळ्या धसकटांत दडून राहतात. म्हणून कापणी जमिनीलगत करून शेत लगेच नांगरावे.

यंदा लावणीनंतर महिन्याभराने खाचरात १ चौरस मीटर जागा आखा. त्यातले एकूण फुटवे आणि सुकलेले पोंगे मोजा. शंभरात ५ पोंगे सुकलेले आढळले, तर उपाय करण्याची वेळ आली, असे घरच्या मोठ्यांना जरूर सांगा.