वाद, वितंडा आणि विद्यापीठ

विद्यापीठात वाद व्हावेत की होऊ नयेत, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्नच गैरलागू आहे. जेथे वाद होत नाहीत ते विद्यापीठ नव्हे. ती प्रमाणपत्रे वाटणारी कचेरी होय. खरे प्रश्न दोन आहेत. वाद कसा करावा? आणि तो होत असता कोणी दुखावला, एकटा पडला, तर त्याने जावे कोठे?

पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा तेवढा मोडावयाचा, ती वितंडा. प्रतिपक्ष्याच्या शब्दाचा भलताच अर्थ काढणे, याला तेथे 'छल' म्हटले आहे. त्याचे भाष्यातील उदाहरण मोठे गमतीचे आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे. म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. दुसरा लगेच विचारतो, याच्याजवळ नऊ घोंगड्या आहेत कोठे? ऐकणारे हसतात आणि मूळ मुद्दा त्या हशात बुडून जातो.

हे मी केवळ पोथीच्या आधारे सांगत नाही. महाविद्यालयात असताना एका वादसभेत खेड्यातून आलेल्या एका मुलाने विचारले, की जो दिवसा काम करून शिकतो, त्याने पाच वाजता बंद होणाऱ्या ग्रंथालयात वाचावे केव्हा? बोलताना तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला होता. मी उत्तरात त्याच्या उच्चारांची नक्कल केली. सभागृह हसले, बक्षीस मला मिळाले. तो मुलगा त्यानंतर वर्षभर कोणत्याही सभेत बोलावयास उभा राहिला नाही.

म्हणून वादाची पथ्ये सांगतो. प्रतिपक्ष्याचे म्हणणे आधी असे मांडावे, की 'हो, मला हेच म्हणावयाचे होते' असे त्याने म्हणावे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी येतो तो याचसाठी. टीका मताची करावी. जात, गाव, बोली यांची करू नये. आणि चूक कळली की ती चारचौघांत कबूल करावी.

येथे एक भेद मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवा. आपल्या मताला विरोध झाला, श्रद्धेची चिकित्सा झाली, म्हणजे आपला छळ झाला असे होत नाही. त्याला उत्तर युक्तिवादानेच द्यावे. पण जातीवरून हिणवणे, मुलीचा पाठलाग करणे, नवख्या विद्यार्थ्याला वसतिगृहात रात्रभर उभे करणे, याला मत किंवा थट्टा म्हणता येणार नाही. तेथे वाद संपतो आणि कायदा सुरू होतो.

त्या कायद्याने उघडलेली दारे पुष्कळांना ठाऊक नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यावा, असा दंडक आहे. निर्णय न पटल्यास १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याची अंतर्गत तक्रार समिती आहे. तिच्याकडे साधारणतः तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्यानुसार संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो.

परंतु सगळेच दुःख तक्रारीच्या अर्जात मावत नाही. झोप उडते, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते. अशा वेळी १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा विनामूल्य मिळते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. ताप आला तर वैद्याकडे जाण्यात आपण कमीपणा मानत नाही. येथेही तो मानू नये.

आणि एक गोष्ट समित्यांच्या हातची नाही, ती आपल्या हातची आहे. दुखावलेला माणूस सहसा आपण होऊन कोणाचे दार ठोठावत नाही. कोणीतरी 'चल, मी येतो बरोबर' म्हणावे लागते. त्या सभेत आम्ही दोनशेजण तरी होतो. सभा संपल्यावर त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसावे, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. मला तर नाहीच. त्याचा प्रश्न रास्त होता. ग्रंथालय रात्रीही उघडे असावयास हवे होते.