विहाराच्या उंबरठ्यावरचा तरुण

रविवारी सकाळी विहारात वंदनेची तयारी चाललेली असते. नोकरीसाठी नुकताच शहरात आलेला एखादा तरुण चपला काढून संकोचाने आत येतो. अंगावर पांढरी वस्त्रे नसतात आणि पाली गाथाही धड पाठ नसतात. ‘कोणाचा रे तू? कोणत्या गावचा?’ हा पहिला प्रश्न. गाथा चुकली की मागे वळून पाहणाऱ्या नजरा हा दुसरा. त्याला कोणी बाहेर काढीत नाही, परंतु ‘बैस’ असेही कोणी म्हणत नाही. पुढच्या रविवारी तो येत नाही, आणि त्याचे न येणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या अनुभवाचा दोष केवळ वडीलधाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील वस्त्यावस्त्यांतून जे विहार उभे राहिले, त्यांच्या पायाशी मोलमजुरी करणाऱ्यांची वर्गणी आहे. ज्यांना देवळाची पायरी वर्ज्य होती, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन हे स्वतःचे स्थान निर्माण केले. कष्टाने मिळविलेली वस्तू माणूस जिवापाड जपतो. मात्र जपणुकीचे रूपांतर पहाऱ्यात झाले, की जिच्यासाठी ती वास्तू उभारली ती पुढची पिढीच परकी ठरते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर विहार हे समाजाचे भांडवल आहे. भांडवलाचे मोल त्याच्या वापरावरून ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात राहतात. इतक्या मोठ्या समाजाची वास्तू आठवड्यातील सहा दिवस कुलूपबंद राहत असेल, तर ती उधळपट्टीच होय. जेथे विहाराला जोडून अभ्यासिका चालते, तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रात्री उशिरापर्यंत बसलेली दिसतात. तरुणांना विहाराचे वावडे आहे, या तक्रारीला याहून चोख उत्तर कोणते?

‘आजच्या मुलांना शिस्त नको’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. शिस्त हवीच, पण ती अर्थासह हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून. उच्चारणाऱ्याला आपण काय स्वीकारतो हे कळावे, यातच त्यांचे बळ होते. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांच्याच संस्थेने ‘मिलिंद’ हे नाव दिले. भिक्षू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद. प्रश्नकर्त्याचे नाव ज्या परंपरेने विद्यालयाच्या दारावर कोरले, तिच्याच विहारात प्रश्न विचारणारा उद्धट ठरावा, ही विसंगती साधी नव्हे.

सिगालोवाद सुत्तातील प्रसंगही येथे स्मरणीय आहे. राजगृहाजवळ ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करणारा सिगाल हा तरुण बुद्धांना भेटला. त्यांनी त्याचा उपहास केला नाही. दिशा म्हणजे मातापिता, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण, असा नवा अर्थ त्याला सांगितला. इतकेच नव्हे, तर मिळकतीचा एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखावा, हा प्रपंचातील हिशेबही समजावला. नोकरी, कर्ज आणि घरभाडे यांनी गांजलेल्या आजच्या तरुणाला याहून जिव्हाळ्याचा विषय कोणता असेल?

उपाय खर्चिक नाहीत. गाथेपाठोपाठ तिचा मराठी अर्थ सांगावा. वंदनेनंतर अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी ठेवावा. कार्यकारिणीत काही जागा तिशीच्या आतील मुलामुलींना द्याव्यात आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. तरुणांनीही केवळ जयंतीच्या मिरवणुकीपुरते न येता झाडलोटीला आणि वर्गणीला हात लावावा. हक्काबरोबर भारही उचलावा.

ज्यांनी हे विहार बांधले ती पिढी आता थकली आहे. किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. तेव्हा ती घेणारा हात जवळ असावा असे वाटत असेल, तर दारात घुटमळणाऱ्या त्या मुलाला आजच ‘ये, बैस’ म्हटले पाहिजे.