पालक-शिक्षण : जमैकातील गृहभेटींचा प्रयोग
पालक-शिक्षण म्हणजे तज्ज्ञांची व्याख्याने, हा रूढ समज तपासून पाहण्याजोगा आहे. जमैकातील किंग्स्टन येथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांसंबंधी एक प्रयोग आरंभिला. काही कुटुंबांत आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात असे. टाकाऊ वस्तूंची खेळणी ती नेई. परंतु बालकाशी खेळावयाचे कसे, हे आईला प्रत्यक्ष करवून घेऊन शिकविणे हाच भेटीचा गाभा होता. काहींना पूरक आहारही मिळाला. त्याचा लाभ मात्र दीर्घकाळ टिकला नाही. याउलट, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गृहभेटी लाभलेल्यांचे वयाच्या २२ व्या वर्षीचे उत्पन्न इतरांपेक्षा २५ टक्के अधिक होते. नमुना लहान होता, ही मर्यादा अर्थातच दुर्लक्षिता येत नाही.